एक-चौदाच्या उताऱ्यावरचं नाव

पुणे,
४ ऑक्टोबर १९९९

तीर्थरूप बाबांना गौरवीचा पुण्याहून नमस्कार.

मी बरी आहे. आईने पाठवलेल्या गणेश चवथीच्या नेवऱ्या मैत्रिणींनी करंज्या म्हणत दोन दिवसांत संपवल्या. तिचा गुडघा आता कसा आहे?

दुकानातल्या फोनवर सगळे ऐकतात, म्हणून लिहिते. आमच्या बी.बी.ए.ला रिअल इस्टेट हा विषय आहे. सरांनी घरच्या जमिनीचा कागद आणायला सांगितला, तेव्हा मी आपल्या पार्शे गावातल्या काजूच्या भाटाचा एक-चौदाचा उतारा नेला. इथे त्याला सात-बारा म्हणतात, आणि भाटाला बाग. सरांनी तो वाचून विचारलं, "यात तुझ्या वडिलांचं नाव कुठे आहे?"

खरंच नाही, बाबा. फक्त काकांचं आहे. मी म्हटलं, "आमचं सगळं एकत्रच आहे." वर्गात कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की दिल्लीचे कोणी गिऱ्हाईक आपलं भाट बघून गेले आणि काका विक्रीचे कागद करताहेत. हक्क सोडल्याच्या कुठल्या कागदावर तुम्ही सही केली नाही ना?

काकांवर संशय घ्यायचा म्हणजे मलाच लाज वाटते. प्रवेशाच्या वेळी तेच दिवसभर माझ्यासोबत रांगेत उभे होते. "भियेनाका गो, हांव आसां," म्हणत मला धीर देत होते.

म्हणून आजच त्यांनाही पत्र लिहून सरळ विचारलं आहे. तुम्ही त्यांना कधीच विचारणार नाही, हे मला माहीत आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण त्यांच्याशी अबोला धरू नका.

तुमची,
गौरवी