प्रभाकररावांना विचारायचा प्रश्न

३ जानेवारी १९५५

तो आलाय! इथल्याच कॉलेजात, बदलून. दादानं जेवताना सांगितलं, भाजी वाढ म्हणावं इतक्या सहज. वर म्हणतो, "सुमे, झालं ते झालं. आठ वर्षं होऊन गेली आता."

त्याची गेली असतील. माझी नाहीत.

५ जानेवारी

एकदा लिहूनच टाकते. तेव्हा मी इंटरला होते. प्रभाकरराव मला पाहायला आले, बरोबर वडील, मामा, काका. विचारतो, "भूगोल आवडतो म्हणे. मग सांगा, वर्ध्याचा हा काळा दगड कसा झाला?" मी म्हटलं, लाव्हारसाचा. खरं तेच! तर हसला. "मग तो ज्वालामुखीचा डोंगर कुठं आहे, दाखवा. केळझरला का?" सगळे खो-खो हसले. दादासुद्धा! मला उत्तर येत नव्हतं. मान खाली घालून बसले. मग निरोप आला — मुलगी ठोकून देते.

नकार पचला असता. हसणं नाही पचलं.

आता उत्तर येतं. आठवीच्या मुलींना शिकवते मी ते!

९ जानेवारी

वाचनालयाची व्याख्यानमाला. शेवटचं पुष्प — 'ज्वालामुखी', वक्ते प्रा. प्रभाकरराव. व्याख्यानानंतर श्रोत्यांचे प्रश्न. देव आहे!

१२ जानेवारी

शाळेच्या शिपाईणबाईंवर, आनंदाबाईंवर, तालीम केली. म्हटलं, जमिनीखाली तापलेला दगड दाबानं कोंडलेला असतो. पण वर येणार कुठून? वरचं कवच दोन्हीकडून ताणलं गेलं की मैलोगणती भेगा पडतात. दाब सुटतो, खालचा दगड वितळतो आणि त्या वाटेनं उसळतो. म्हणून आपल्याकडं डोंगर नाही — नुसत्या भेगा! पुन्हा जमीन सरकली, की जुनी वाट बुजते, भलतीकडंच नवी उघडते.

आनंदाबाई म्हणतात, "म्हंजे बाई, भांडण तं सगळ्यायच्याच घरी रायते. भिंतीले भेग पडली का मंग शेजाऱ्याले आयकू येते!"

शंभरपैकी शंभर. प्रोफेसरपेक्षा जास्त.

मग हळूच, "पन त्या मान्साचं नाव घेतलं का तुमी दातओठ काऊन खाऊन राह्यल्या?"

घंटा द्या म्हटलं.

१६ जानेवारी

मुलींची सहल, जवळच, केळझरच्या गणपतीला. वाटेत नाल्याच्या काठाला काळ्या दगडाचे थर, एकावर एक. ताणलं, फाटलं, वाहिलं, थिजलं. पुन्हा ताणलं. दोन थरांमध्ये किती काळ गेला असेल, देव जाणे. मला आठच वर्षं लागली. गणपतीपुढं हात जोडून जे मागितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

२३ जानेवारी

विचारला!!

सभागृह भरलेलं. पोट सुटलंय त्याचं. बोलतो मात्र रंगवून. आणि म्हणतो काय — "आपल्या वर्ध्याचा काळा दगडसुद्धा लाव्हाच बरं का!" माझं वाक्य! ज्याला हसला तेच! टाळ्यासुद्धा घेतल्या चोरानं. पुढच्या रांगेत त्याची बायको, अन्नपूर्णाबाई, त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. एवढं काय ते कौतुक! पुढं सगळा वेळ डोंगर, डोंगराचं तोंड, धूर. भेगांबद्दल अवाक्षर नाही.

उठले. खणखणीत विचारलं. "सर, मग तो ज्वालामुखीचा डोंगर कुठं आहे? केळझरला का?"

त्यानं बायकोकडं पाहिलं. पाणी प्याला. मागून कुणीतरी ओरडलं, "सेवाग्रामले असन, सायेब!" — आणि सगळं सभागृह हसलं. खो-खो! अध्यक्षांनी घाईघाईनं आभार मानले. उत्तर मी सांगितलं नाही. बसू दे शोधत.

मला ओळखलंसुद्धा नाही मेल्यानं. चालेल. घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

२४ जानेवारी

गावभर झालंय. गोड, गोड, गोड.

२७ जानेवारी

अन्नपूर्णाबाई येऊन गेल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

व्याख्यान त्यांनीच लिहून दिलेलं! त्यात भेगांबद्दल सगळं होतं. ते यानं न वाचताच गाळलं — लोकांना डोंगर हवा असतो म्हणे. त्या म्हणाल्याही होत्या, डोंगर कुठं आहे असं कुणी विचारलं तर? आणि मी उठून नेमकं तेच विचारलं. आता त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, की बायकोनंच मास्तरणीला पढवून पाठवलं. रविवारच्या गाडीनं माहेरी धाडतोय. परत आणणार नाही म्हणतो.

"मी शपथ घेतली. ते म्हणतात, तू सांगितल्याशिवाय त्या बाईला एवढं सुचेलच कसं? तुम्ही येऊन सांगा हो."

मला उत्तर माहीत होतं, मी मुद्दाम विचारलं — हे सांगितलं तर त्याला ते कधीच खरं वाटणार नाही. त्याला एकच गोष्ट खरी वाटेल.

नाही जाणार. का जाऊ?

२८ जानेवारी

गेले. "सर, मला खरंच कळलं नव्हतं, म्हणून विचारलं. बाईंना मी ओळखतही नाही." तेव्हा कुठं हसला. आत वळून बायकोला म्हणाला, सामान सोड. मग मला समोर बसवून समजावत राहिला — डोंगर होता, पण पावसानं झिजून गेला. मी "हो सर, हो सर" म्हणत सगळं ऐकून घेतलं.