आधी हाक, मग हंडा

प्रिय सरूमावशी,

तू गेल्याला दोन वर्षं होत आली. तेव्हा पोटभर रडले, पण तुला लिहावं असं काही सुचलं नाही. आज सुचलं, कारण आज मी एक खोटं बोलले. ते ऐकून सगळ्यात जास्त तूच भडकली असतीस, म्हणून आधी तुझ्याकडंच आले. काय बोलायचं ते बोल, ऐकून घेते!

आमच्या घराचा पाया भरला तेव्हा तू काठी टेकत आली होतीस, आठवतं का? आता घरावर एक खोलीही चढवली, मोरीसकट. भाड्यानं द्यायची म्हणून. हिंगोलीत खोल्यांना काय भाव आलाय गं माय! क्लासची पोरं एका खोलीत चार-चार खाटा टाकतात आणि घरमालक खाटेवर भाडं लावतात. आमच्या ह्यांनीही तशीच चार पोरं बघून ठेवलीत.

आज दुपारी वर्षा नावाची बाई आली. दवाखान्यात कंत्राटी नर्स आहे. नवरा नाही, कडेवर चार वर्षांची पोरगी. रोज जिल्ह्यातल्याच गोरेगावहून जीपनं ये-जा करते, आणि जीप भरेपर्यंत लेकरू स्टँडवरच झोपून जातं.

"ताई, वरती खोली हाय म्हने?"

मी तिच्या झिजलेल्या चपला बघितल्या. हिला काय झेपणार, असं मनात आलं आणि तोंडातून निघून गेलं, "कालच गेली बाई खोली."

कालच गेली! मावशी, हे मी कुठं शिकले, ते तुला का सांगायला पाहिजे?

लग्नानंतर आम्ही दोघं पिशव्या घेऊन ह्याच गावात दारोदार फिरलो होतो. आधी भाडं ऐकून आमचं तोंड उतरायचं. कुठं भाडं जमलंच, तर आडनाव सांगितल्याबरोबर खोली कालच गेलेली असायची. दारावर कुलूप, आत कोळिष्टकं, आणि खोली म्हणे गेली! शेवटी तुझ्या दारात आलो. मला सातवा महिना होता. तू आडनाव विचारलंच नाहीस. आधी पाण्याचा तांब्या दिलास आणि म्हणालीस, "काहून उनात फिरून राहिली गं ह्या अवस्थेत? बस खाली."

भाडं किती, म्हणून ह्यांनी भीतभीत विचारलं. तू म्हणालीस, "लेकराचं दूध न तोडता जेवढं देता येईल, तेवढं दे."

मग एकच अट घातलीस. तुझ्या चार खोल्यांत मिळून एक नळ. पाणी चार-पाच दिवसांनी, आणि कधी येईल त्याचा नेम नाही. "ज्याला पाणी आधी दिसल, त्यानं आधी हाक मारायची. मग सोताचा हंडा लावायचा. हे जमत नसल तर खोली न्हाई."

आणि मी काय केलं? पहिल्याच आठवड्यात भर दुपारी, सगळे झोपलेले असताना नळ सुटला. मी गुपचूप माझी टाकी भरली, घागरी भरल्या, पातेली-तपेलीसुद्धा भरली, आणि मग हाक मारली. तोवर धार करंगळीएवढी झाली होती. मला वाटलं, संपलं, आता ही बाई खोली सोडायला लावणार. तू माझ्या दारात आलीस, भरलेल्या घागरी बघितल्यास, आणि त्यातली एक उचलून शेजारच्या कांताच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलीस. जाताना म्हणालीस, "इतकं भेव वाटतं का गं तुला?" एवढंच. त्यापेक्षा दोन थपडा दिल्या असत्यास तर बरं झालं असतं! त्यानंतर अकरा वर्षं मी हाक चुकवली नाही.

तुझ्यावर माझा एक राग आहे बघ. त्या खोल्यांचं पुढं काय करायचं, हे विलासदादाला तू कधी सांगितलंच नाहीस. मुलगा आहे, समजून घेईल, असं वाटलं असणार तुला. त्यानं तेरावं झाल्यावर महिन्याभरात सगळं विकून टाकलं. आता तिथं तीन मजली होस्टेल आहे. कांता कळमनुरीला गेली, चौथ्या खोलीतले शिंदेमास्तर पार कनेरगाव नाका गावाहून ये-जा करतात. इथं कामाला येणाऱ्या माणसानं इथं राहायचंच नाही का गं? एक शब्द टाकून ठेवायचा होतास!

पण दादाला नावं ठेवायला मी कोण? मी तरी आज काय वेगळं केलं?

वर्षा भांडली नाही. "बरं ताई, दुसरीकडं कुटं दिसली तर सांगा," म्हणाली, कागदावर नंबर लिहून ठेवला आणि पायऱ्या उतरली. मी दार लावत होते, तेवढ्यात खालून आवाज आला.

"ओ ताई! नळ आला बरं का! ओ शेजारच्या, उठा, नळ आला!"

मावशी, मी दाराला धरून तिथंच उभी राहिले. तिला काय भरायचं होतं? तिच्याकडं ना हंडा, ना इथं घर. तरी कडेवर लेकरू घेऊन सगळी गल्ली उठवत गेली ती. माझी बादली तशीच राहिली आणि मी पायरीवर बसून रडले.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. आधी चिडले. "चार पोरांचं भाडं सोडायचं व्हय? बांधकामाला घातलेलं कधी निघायचं? सरूमावशी येणार हाय का आपलं घर चालवायला?" ते तरी कुठं खोटं बोलत होते! मी भांडले नाही, नळाचं तेवढं सांगितलं. मग हे उठले आणि वरच्या खोलीत बल्ब लावून आले.

तर मावशी, शब्द देते तुला. हे पत्र घडी केलं की वर्षाला फोन लावते. खोली गेली नव्हती, मी खोटं बोलले, असं माझ्या तोंडानं सांगते. लेकराचं दूध न तोडता जेवढं देता येईल तेवढं दे म्हणते. आणि आम्ही असेपर्यंत त्या खोलीत खाटेवर भाडं लागणार नाही, हे तुझ्यासारखं मनात न ठेवता माझ्या पोराला आजच सांगून ठेवते.

तुझी अट मात्र घालणार नाही. तिला ती आधीच येते.

तुझी,
तिसऱ्या खोलीतली छाया