अर्धाच चमकलेला डोंगा

मोर्शी, चैत्र, गुरुवार
(तारीख कॅलेंडरवर आहे, पण तिथवर उठून जायचा कंटाळा आला.)

सौ. सुभद्रास,

केशरचा आशीर्वाद. आशीर्वाद चालत नसेल तर नमस्कार समज. पण दोन्हीतलं एक ठेवून घे, परत पाठवू नको, आमच्याकडचा पोस्टमन आधीच वैतागलेला माणूस आहे. इकडे सगळे खुशाल. सगळे मंजे मी, एक मांजर अन् अंगणातला डोंगा. तुहा गुडघा कसा आहे? शुगर वाढली असं कानावर आलं. पोह्यावर तू वरून साखर घेते हे मले माहीत आहे, तुह्या डॉक्टरले नाही. जावईबापूले रामराम सांग. ऐकू येत नसेल तर लिहून दाखव.

पत्र कायले लिहिलं असं वाटेल. फोनवर माहा नंबर पाह्यला की तू फोन कापते. सहा वर्षं झाली, मी मोजली नाही, आपोआप झाली. पत्र कापता येत नाही. फाडता येते, पण फाडायच्या आधी तू वाचशील. मी या घरात लग्न होऊन आली तेव्हा नणंद मंजे तू अकरा वर्षांची पोट्टी होती, अन् तेव्हाही कोणाची चिठ्ठी हाती लागली की आधी वाचायची अन् मंग जाऊन सांगायची. तर वाच.

डोंगा मंजे तोच, फायबरचा. धरणावरचं बोटिंग बंद झालं तेव्हा तुह्या भावानं लिलावातून ट्रॅक्टरवर टाकून आणला होता तो. (बाकीच्यायनं त्याच लिलावातून खुर्च्या आणल्या. आजपर्यंत बसून राहिले.) मले पाण्याची भीती, मनून मी त्याच्यात एकदाही बसली नाही. तू मात्र भाऊबीजेले अकोल्याहून यायची, तो तुले धरणात फिरवायचा अन् मी काठावर आलूबोंड्याचा डबा धरून उभी. मंग त्यानं पिवळ्या पेंटानं डाव्या बाजूले वाकड्यातिकड्या अक्षरात नाव लिहिलं: सुभद्रा. लग्न माह्याशी, चाळीस वर्षं भाकरी माह्या हातच्या, अन् डोंग्यावर नाव बहिणीचं. तो गेल्यावर तेरवीच्या दिवशी तू आठवण मनून भावाचा रेडिओ मागतला, तेव्हा माह्या तोंडून चार लोकांत निघून गेलं की रेडिओ कायले, डोंगाच ने ना, नाव तर तुहंच आहे त्याच्यावर. तू ताटावरून उठली ते उठलीच. मी चुकली असं मी मनून नाही राहिली. बरोबरच बोलली. फक्त वरण वाढायच्या आधी बोलली.

आता झालं असं की मागच्या महिन्यात तुही नात रागिणी आली. तुले न सांगता आली, मनून तिले बोलू नको. लग्नाच्या आधी नवरा-नवरी फोटो काढतात मने, लग्न झाल्यावर काढण्यासारखं काही उरत नसेल. तिले धरणात डोंग्यात बसून फोटो पाहिजे होता. काळा झुळझुळीत झगा घालून बसली डोंग्यावर, अन् उठली तर मागून सारी पांढरी. जशी कोणी चुन्याच्या भट्टीत बसवून काढली. सहा वर्षं वऱ्हाडाचं ऊन खाऊन डोंग्याचं वरचं अंग पार पिठासारखं झालं आहे, हात लावला की खडू लागते. होणारा नातजावई पियुष फडक्यानं झटकायले गेला अन् मधातच थांबला, कुठं झटकायचं हे ध्यानात आल्यावर. (पोरगा चांगला आहे.) रागिणी मने, मामीआजी, हा चमकवता येईल का व? दोन आठवड्यांनी येतो आम्ही. मी मनलं, येईल. भांडी घासत पन्नास वर्षं गेली, त्यात डोंगा काय जड आहे.

जड होता. पहिले चिंच अन् राख लावली, पितळेले लावतो तशी. चिंच वाया गेली. मंग आठवलं, पोळ्याच्या वक्ती तुहा भाऊ बैलाचे शिंगं कसे आरशासारखे करायचा. काचेच्या तुकड्यानं साळायचे, मंग जवसाचं तेल. तुले आठवते ना, आदल्या सांजी तो बैलाचे खांदे शेकायचा, लोणी-हळद चोळायचा अन् पळसाच्या पानानं त्यायच्या कानात सांगायचा, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मले आयुष्यात त्यानं कधी जेवाले बोलावलं नाही. मी वाढणारी होती ना. तर काचेनं हातभर साळून पाह्यलं, ओरखडे निघाले, सोडून दिलं. मंग शिशीभर जवसाचं तेल चोळलं. काय सांगू सुभद्रा, सांजी असा चमकला की रस्त्यानं जाणारे दोन जण सायकली थांबवून पाहून गेले. सकाळी उठली तर डोंग्यानं स्वेटर घातलेला. रात्रभर वारं सुटलं होतं. निंबाचा मोहोर, जिनिंगवरून उडालेला कापूस, रस्त्याची धूळ, मेलेल्या माश्या, कोंबडीचे दोन पिसं, सगळं त्या तेलाले चिकटून वाळलेलं. मांजर त्याच्यावर चढलं होतं, ते चार दिवस चिकट पाय घेऊन घरात माह्यावर रुसून फिरलं. (रुसणारे आमच्या घरात काही कमी नव्हते.)

शेवटी शाकीब आला. तुह्या भावाचा न सांगता समजणारा दोस्त अब्दुल गफ्फार, त्याचा पोरगा, नांदगाव पेठेच्या रोडवर गाड्यायचं डेंटिंग-पेंटिंग करते. डोंग्याकडं पाहून पहिले पोटभर हसला, मंग मने, चाची, ये बैल नहीं है. मने, याच्या वरच्या कातडीले जेलकोट मनतात. मी मनलं, मनत असतील. मने, मेली ती फक्त वरची पापुद्र्याएवढी कातडी, खालची जिती आहे. मेलेली घासून काढायची अन् जितीले मेण लावून जपायचं, पण बेतानं, जास्त घासलं तर पार जाल, मंग जितंही नाही अन् मेलंही नाही. पहिले रॉकेलनं तेल काढलं, दोन दिवस गेले. मंग पाणपेपरनं, मंजे ओल्या घासकागदानं, घासलं, पाणी सोडत सोडत. (त्या कागदाचा नंबर जितका मोठा तितका कागद नरम. माणसायचं उलटं आहे.) मंग रबिंगची पेस्ट अन् शाकीबचं गरगर फिरणारं मशीन. मशीन मी स्वतः धरलं. पहिल्या दिवशी मशीननं मले धरलं, दुसऱ्या दिवसापासून मी त्याले.

अन् उजव्या बाजूनं निघाला ना बाई, आसमानी! मी तर विसरलीच होती की हा डोंगा आसमानी होता. सहा वर्षं त्याच्यावर लुगडी वाळवली, वड्या वाळवल्या, त्याले पांढराच समजली. वाकून पाह्यलं तर त्याच्यात एक म्हातारी. मी मनलं, ही कोण आली अंगणात, अन् पदर सावरून तिले बस मनणार होती. तोंडात आलं होतं. शाकीब मशीनची वायर गुंडाळत होता, त्यानं पाह्यलं की नाही देव जाणे. आमच्या पोराचा, ओमप्रकाशचा फोन दर रविवारी हैदराबादहून येते, जेवली का विचारते, अन् जेवली मनायच्या आत ठेवते. तशी मी दिवसभर मांजराशी बोलून राहिली, पण ते उलटून बोलत नाही. त्याच्यात मजा नाही.

आता मेणाचं सांगते अन् पत्र संपवते. मेण पातळ लावायचं, धुक्यासारखं झालं की लगेच पुसायचं. उन्हात लावलं तर दगड होते, मनून सूर्य निघायच्या आत. शाकीब मने, हे दोघांचं काम आहे, एकानं लावत जायचं अन् दुसऱ्यानं मागून पुसत यायचं. मी मनलं, जा तू तुह्या गॅरेजले, माही मी पाहून घेईन. तर या टोकापासून त्या टोकाले लावत गेली, परत येईपर्यंत पहिलं टोक दगड. पुसता पुसता खांदा गेला. चैत्रातल्या इथल्या सकाळीले धीर कुठं असते. तेव्हा आपलं सारवण आठवलं. मी शेणाचा लोट सोडायची, तू मागून हात फिरवत यायची, अन् दोघी दाराशी येईपर्यंत तुही बडबड संपायची नाही. आठवलं, इतकंच. तू यावं मनून मी हे लिहून नाही राहिली. मले कोणाची गरज नाही. उजवी बाजू एकटीनंच केली, वीत वीत करत, सहा सकाळी लागल्या.

गोळ्या वेळेवर घेत जा. थोरल्यायले नमस्कार, लहान्यायले जे द्यायचं असेल ते दे.

तुही वहिनी,
केशर

ता. क. रागिणीचा फोन आला होता. फोटो चिखलदऱ्याले काढून झाले, डोंग्याची गरज नाही. मी काही बोलली नाही. (फोन ठेवल्यावर बोलली.) हे मले पाणपेपर आणायच्या आधीच समजलं होतं. मंग घासत कायले बसली हे विचारू नको.

ता. क. दुसरी. डावी बाजू अजून तशीच पांढरी आहे. शाकीब परवा मशीन घेऊन तिकडं वळला तेव्हा मी मनलं, लाईन गेली. माह्या डोक्यावर पंखा फिरून राहिला होता. त्यानं पंख्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं अन् मशीन परत डब्यात ठेवलं. गफ्फारचाच पोरगा आहे तो. गोष्ट अशी आहे की डावीकडं घासलं तर तुहं नाव जाईल, अन् उद्या तू चार लोकांत मनशील की केशरनं नणंदेचं नाव पुसलं. मनून तू स्वतः ये अन् ठेवायचं की काढायचं ते डोंग्यासमोर उभी राहून सांग. येताना तुही जुनी सुती साडी आण, पुसायले नरम पडते. माह्या सगळ्या फाडून झाल्या.

ता. क. तिसरी. रेडिओत नवे सेल टाकले. वाजते.

ता. क. चौथी. शेकायले आता खांदे राहिले नाहीत, बैल तर कवाच गेले. ते आवतन घरात रिकामंच पडलं आहे, मनून तुलेच देऊन राहिली: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैल मनलं मनून राग आला असेल तर इथं येऊन कर. यावेळी वरण वाढून होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही.