काकांची चोख चांदी

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त उभ्यानेच). तुमच्या गुडघ्याची सूज आणि काकूंचा राग, दोन्ही उतरलं असेल अशी आशा आहे.

काका, तुमच्या पुतणीने चांदी घडवली! "मातीत खेळायला एवढं शिकायचं कशाला?" असं तुम्ही साऱ्या नातेवाइकांसमोर विचारलं होतंत, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या प्रयोगशाळेतली चिकणमाती पापुद्र्यांची असते. भिजली की पापुद्रे सुटे होतात, त्यांच्या फटींत विरघळलेली चांदी शिरते आणि वरून एक औषध सोडलं की तिथल्या तिथे तिचे कण बनतात. फटच एवढीशी, की कणांना वाढायला जागा नाही (आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंचं दुसरं कपाट येत नाही, तसंच). एका केसाच्या जाडीत असे दहा हजार कण ओळीने बसतील. चाळीस वर्षं हातोडी चालवून तुमचा सगळ्यांत बारीक मणी मोहरीएवढा. आता बोला!

अर्थात सुखासुखी काही झालं नाही. पहिल्या खेपेची माती बेसिनच्या पाइपात जाऊन अशी फुगली, की प्लंबरने "ताई, कुंभारकाम घरी करत जा" असं सुनावलं. दुसऱ्या खेपेला चांदीचे डाग पडून बोटं काळी झाली आणि सासूबाईंनी आठवडाभर मला कणकेला हात लावू दिला नाही (हे दुःख मी हसतमुखाने सोसलं). तिसऱ्या खेपेला मात्र सगळे कण सारखे, एकही फटीबाहेर नाही! आमच्या मार्गदर्शक बाई दहा वर्षांत कुणाला "बरं" म्हणाल्या नव्हत्या, त्या "छान" म्हणाल्या. मी जिन्यात जाऊन रडले. इतका अभिमान मला स्वतःच्या लग्नातही वाटला नव्हता.

तुमची लाडकी (अजून असल्यास) पुतणी

ता. क. : बाई म्हणतात, पंधरा दिवसांत तेच पुन्हा करून दाखव, नाहीतर प्रबंधातून काढून टाक. विकतची शुद्ध चांदी घेऊन चारदा केलं. चारही वेळा नुसते गोळे झाले.

आणखी एक : तिसऱ्या खेपेच्या वेळी विकतच्या चांदीची बाटली संपली होती आणि नवी आलीच नव्हती. म्हणून माझ्या जन्माच्या वेळी तुम्ही घडवलेला चांदीचा चमचा मी आम्लात विरघळवला. रागावू नका, चमचा कुठेही गेलेला नाही. त्याचा कण न् कण मातीत सुखरूप आहे.

शेवटचं : चोख चांदी आम्लात विरघळली तर पाणी पाण्यासारखंच दिसतं. तुमच्या चमच्याचं निळंशार झालं. काका, तो रंग तांब्याचा. दुकानावरची "चोख म्हणजे चोख" ही पाटी मला आठवली, पण मी कुणाजवळ अवाक्षर काढलेलं नाही. माझे कण जागच्या जागी बसले ते त्या तांब्यामुळेच, अशी माझी खात्री आहे. तरी किती घातलं होतंत, ते उलटटपाली खरं खरं कळवावं. चमच्याबरोबरची वाटी अजून शाबूत आहे. तुमचं उत्तर आलं तर तशीच राहील. प्रबंधात पहिले आभार तुमचेच मानीन. कशाबद्दल, ते लिहिणार नाही.