पूर्वाचा तिसरा टायफॉइड

६ जाने., मंगळ.
कॉलेजातून फोन. पूर्वाची हजेरी कमी भरते, बारावीचं हॉल तिकीट रोखणार. कंपनीत अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून धावले. कारकुनाने रजेचे अर्ज पुढ्यात टाकले. टायफॉइड. कावीळ. टायफॉइड. पुन्हा टायफॉइड. चारही माझ्याच अक्षरात, खाली ह्यांची सही.
"एका वर्षात तीन वेळा, ताई?" कारकून हसला. हॉल तिकिटाचा प्रश्न नसता तर मीही हसले असते.
धुळ्याच्या डॉक्टरांची खरी फाइल घरात गव्हाच्या कोठीमागे. तिच्यावर बायपोलर लिहिलंय. टायफॉइड पोरीला जन्मात झालेला नाही. लोकांना कळू नये म्हणून मीच लिहीत गेले, आता तेच कागद आडवे आले.

७ जाने.
पूर्वाला सांगितलं. ती वांगी चिरत होती. म्हणाली, "एखादा डेंग्यू तरी लिखना व्हता, माय." दोघी हसलो. मग मी रडले. ती नाही.
ऑगस्टात चार दिवस डोळ्याला डोळा नाही, कॉलेजात फळ्यासमोर उभी राहून सरांनाच शिकवायला लागली. नंतर महिनाभर भिंतीकडे तोंड. आता गोळ्या लागू पडल्यात, अभ्यास करते, भांडतेसुद्धा. तिचं वर्ष माझ्या खोटेपणापायी का जावं?

११ जाने., रवि.
धुळे. वंदनाताईंची ओसरी. त्यांच्या मुलाचंही दुखणं मनाचंच. त्याच्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, आता आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी झिजवतात. रविवारी आम्ही आईबाप तिथे जमतो.
ताई म्हणाल्या, "खोट्याला खोटं जोडू नकोस. नवा अर्ज कर. आधीचं कारण भीतीपोटी चुकीचं दिलं, असं सरळ लिही. डॉक्टरांचं पत्र लाव. आणि पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही."
मी म्हटलं, लोकं काय म्हणतील?
"लोकं पेपरला बसणार आहेत का?"

१३ जाने.
मोठे जेठ, ह्यांचे थोरले भाऊ आबा, सकाळीच आले. अर्जाचं कुठून कळलं देव जाणे. त्यांच्या लेकीचं, पायलचं लग्न जमवायचं चाललंय.
"पायलनी सोयरीक जळगावले चालू शे. त्यास्ले समजनं ते? आपला घरनी गोट घरमाच ऱ्हाऊ दे. एक वरीस गयं ते काय व्हस?"
आबा वाईट नाहीत. ऑगस्टात पूर्वाला धुळ्याला नेलं ते त्यांच्याच गाडीतून. म्हणून आधी नीट बोलले. म्हटलं, आबा, पोरीला शुगर असती तर लपवलं असतं का?
"शुगर येगळी शे."
मग माझा आवाज चढला. जेठासमोर, लग्नानंतर पहिल्यांदा. पदरही सावरला नाही. म्हटलं, पायल तुमची तशी पूर्वा माझी, तिच्या वर्षावर पाय देऊन कोणाचं लग्न होत असेल तर मी अक्षता टाकायला येणार नाही.
जास्त बोलले. पण परत घेणार नाही.
हे सगळा वेळ चपलेचा अंगठा नीट करत बसले.

१६ जाने.
अर्जावर वडिलांची सही हवी. तीन दिवस कागद टीव्हीसमोर पडून. ह्यांना दिसतच नव्हता. मीही मागितली नाही, बघू म्हटलं माणूस कुठवर पळतो.
आज पॅकिंगची शिफ्ट संपवून आले तर सही झालेली. एरवी नुसती रेघ ओढतात. आज पूर्ण नाव, गावासकट. मी चहा जरा गोड केला.

१९ जाने., सोम.
प्राचार्यांपुढे आम्ही तिघं आणि वंदनाताई. सर फार गोड.
"हा शब्द कागदावर कशाला? मुलीची जात आहे. ओळखीच्या डॉक्टरचं टायफॉइडचं सर्टिफिकेट आणा, संध्याकाळी हॉल तिकीट घेऊन जा."
खरं लिहिते. डळमळले. हात अर्ज ओढायला निघाला होता. एवढं सोपं होतं.
पूर्वाच बोलली, "नको सर. पेपर चालू असताना मला काही झालं तर वर्गावरच्या मॅडमना काय सांगू? टायफॉइड झालाय?"
सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. मग म्हणे हमीपत्र द्या, मुलगी परीक्षेत गोंधळ घालणार नाही म्हणून. मी म्हटलं, सगळ्या वर्गाकडून घ्या, सगळ्यात आधी माझं घ्या. एकटीकडून मागाल तर मिळणार नाही.
"अर्ज वर बोर्डाकडे पाठवतो," म्हणाले. पोच घेतली. शिक्का पुसट उठला, दुसऱ्यांदा मारून घेतला.
बाहेर आल्यावर ह्यांनी उसाचा रस पाजला सगळ्यांना.

२४ जाने., शनि.
हॉल तिकिटं वाटली. पूर्वाचं नाही. "वरून काही आलं नाही, सोमवारी या." येणार. वंदनाताईंनी वरच्या ऑफिसला पत्र लिहून दिलं, डॉक्टरांच्या पत्राची झेरॉक्स जोडून स्पीड पोस्टाने टाकलं.
जळगावकरांचा आबांना अजून होकारही नाही, नकारही नाही. आबा माझ्याशी बोलत नाहीत. रस्त्यात दिसले, मान वळवली. लागलं ते. पण मी कुठे चोरी केली?

३० जाने.
आजही नाही. ह्या आठवड्यात तिसरी खेप. कारकुनाने आता न विचारता खुर्ची दिली. पेपर दहा-अकरा दिवसांवर.
घरी आले तर पूर्वा ओट्यावर अर्थशास्त्र घेऊन बसलेली. मैत्रिणींची हॉल तिकिटं तिने मोबाइलवर पाहिलीत, मला माहीत आहे. शेजारी जाऊन बसले. राहवलं नाही, विचारलं, "नाहीच आलं तर गं?"
तिने पान उलटलं.
"मंग जुलैमा पेपर दिसू, माय. आते वाचू दे."