सात नंबरच्या खोलीतली दोरी

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

एकदाही न वापरता शिक्क्याची शाई वाळली! दिवाळीला घरी जाताना पॅडचं झाकण उघडंच राहिलं होतं. जव्हारच्या बाजारात हौसेनं करून घेतलेला शिक्का — वर माझं नाव, खाली ‘परिचारिका प्रसविका’. तीन आठवडे ड्रॉवरमध्ये पडून आहे.

दीड वर्ष घर सोडून ट्रेनिंग केलं. साधं, बिनधोक बाळंतपण पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या जबाबदारीवर. अवघड दिसलं तरच डॉक्टरांना हाक — असं परिपत्रकच आहे. त्यासाठी रुग्णालयात सात नंबरची खोली मिळाली. आधी तिथे चादरी ठेवायचे. पण केसपेपरच्या तळाला सहीच्या दोन जागा आहेत. डावीकडे नातेवाईकाची, उजवीकडे डॉक्टरांची. आणि आमचे अधीक्षक डॉ. चैतन्य उजवी जागा सोडायला तयार नाहीत!

‘सिस्टर, परिपत्रक मुंबईत लिहिलंय. इथं काही झालं तर लोक माझ्या दारात येतील.’

माझ्याहून सात वर्षांनी लहान आहे हा माणूस. बोलतो मात्र पेन्शनीत निघाल्यासारखा. त्यांची बायको स्वरा पोटुशी आहे, तिचं नाव तिसऱ्या महिन्यातच नाशिकला घालून ठेवलंय. म्हणजे भरवसा किती ते कळलं!

मार्चअखेर खोलीचा आढावा. तोवर बायका आल्या नाहीत तर चादरी परत येतील, आणि मी परत इंजेक्शनच्या टेबलावर.

१० नोव्हेंबर, रविवार

आज चोरी केली म्हटलं तरी चालेल. म्हणजे उलटी चोरी — आणून लावलं!

इथल्या पाड्यांवर बायका घराच्या आढ्याला बांधलेली दोरी धरून, उकिडव्या बसून बाळंत होतात. ट्रेनिंगमध्ये हेच आम्हाला चित्रं दाखवून शिकवलं, जसं काही परवाच शोध लागलाय! डॉक्टरांना विचारलं होतं. ‘छताला दोरी? रुग्णालयात? लोक काय समजतील!’ आज ते सुट्टीवर. आमचे शिपाई हरिभाऊ ड्रिल घेऊन शिडीवर चढले आणि झोपाळ्याची कडी ठोकून खाली उतरले. जीव अर्धा झाला होता माझा. हरिभाऊंनी स्वतः कडीला लटकून दाखवलं. ऐंशी किलोचा माणूस पेलला म्हणजे काळजी मिटली.

दोरी दुकानातून नवी आणली. पांढरीशुभ्र, जाड सुती. हाताला कशी मऊ!

१४ नोव्हेंबर

तीन बायका आल्या. तिघी दारातून छताकडे बघून मागे वळल्या. एक तर अक्षरशः पळाली.

मला काही कळेना. भिंतीचा रंग आवडला नाही का? प्रसाद म्हणतो, तुझा चेहरा बघून पळाल्या असतील. नवरा म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

१९ नोव्हेंबर

कळलं! आणि कळल्यावर मी आणि हरिभाऊ दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

दाभोशाच्या पलीकडच्या पाड्यावरची तानी सुईण गुडघेदुखीच्या गोळ्यांना आली होती. तिच्या हातावर दोनतीनशे पोरं झाली असतील. तिला चहा पाजून खोलीत नेलं. मान वर करून तिनं दोरी बघितली आणि कपाळावर हात मारला.

‘नेत्राबाय, ही दोरी नवी कां गं?’

‘अगदी कोरी. परवाच आणली.’

‘कोरी दोरी कधी आणतात? मयत झालं की आणतात. तिरडी बांधाय!’

अरे देवा! नऊ दिवस मी पोटुशी बायकांना तिरडीची दोरी दाखवत होते. हरिभाऊ लगेच म्हणाले, ‘मी म्हटलं होतं तुम्हाला.’ काही म्हटलं नव्हतं!

तानीबाय हसून हसून खाली बसली. मग गुडघ्यामुळे उठता येईना, आम्ही दोघांनी उठवली. जाताना सांगून गेली — दोरी ज्याची त्यानं घरून आणायची. वापरातली. हाताला ओळखीची.

कडी तेवढी राहिली. दोरी काढून हरिभाऊंनी बादलीला बांधली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

डोकं भणाणलंय. आधी चांगलं ते लिहिते — मुलगी, दोन किलो सातशे, आई ठणठणीत.

येसू सकाळी अकराला आली. दुसरी खेप, सगळं सरळ. दोरीसुद्धा घेऊन आली होती, बैलाची! आणि डॉक्टर पालघरला मीटिंगला. फोन केला. ‘मी नाही, सही नाही. पुढे पाठवा.’ मी म्हटलं, वेळ थोडा आहे. ‘पुढे पाठवा, सिस्टर.’

पाठवली. मीही ॲम्ब्युलन्समध्ये चढले. घाटातल्या चौथ्या वळणावर गाडी थांबवावी लागली. येसूनं गाडीच्या छताचा दांडा धरला आणि जसं घरी झालं असतं तसंच झालं. तिचा नवरा मंगेश एरवी भिवंडीला कामाला असतो, बाळंतपणासाठी आला होता; गाडीत तो मलाच धीर देत होता — ‘मॅडम, टेन्शन नय लेनेका!’

संध्याकाळी डॉक्टर आले तशी केसपेपर त्यांच्यापुढे ठेवला. उजवी जागा कोरी. मी विचारलं, ‘त्या वळणावर कुणाची सही होती, सर?’

त्यांनी कागद जवळ ओढून पुन्हा पहिल्यापासून वाचला. गाडीत मी किती घाबरले होते, ते काही त्यांना सांगितलं नाही.

२७ नोव्हेंबर

तोडगा! डॉक्टर बाहेर असले की मी केसपेपरचा फोटो पाठवायचा, त्यांनी मोबाइलवर बोटानं सही करून परत पाठवायची.

बोटानं केलेली सही गांडुळासारखी दिसते. शिक्का अजून ड्रॉवरमध्येच.

१८ डिसेंबर

अकरा बाळंतपणं झाली! दिवाळी झाली की निम्मा पाडा मजुरीला वसई-भिवंडीला जातो, तरी अकरा. येसूनं गावभर सांगितलंय म्हणे.

दोऱ्या एकेक बघाव्यात. बैलाची, पाळण्याची, विहिरीची. एकीनं सासूचं जुनं लुगडं पिळून आणलं होतं. हरिभाऊ प्रत्येक दोरीला स्वतः लटकून बघतात, मगच बाईच्या हातात देतात. बायका कळा विसरून हसतात.

८ जानेवारी २०२५

आज खोलीत बाई होती आणि मी तिला परत पाठवली.

सरू. तानी सुईणीची नात. तानीबाय स्वतः घेऊन आली होती, दोरी खांद्यावर टाकून — आणि माझ्या पोटात आनंद मावेना. तानीनं तिची नात माझ्याकडे आणली! डॉक्टरांनी सकाळीच तपासून नॉर्मल लिहिलं होतं, सही पण केली होती. दुपारी मी परत रक्तदाब घेतला. दीडशे, खाली शंभर. दहा मिनिटं थांबून पुन्हा घेतला. तेवढाच. ‘डोकं जड लागतं’ म्हणाली. लघवी तपासली, त्यातही दोष. ही माझ्या खोलीची बाई नाही.

तानी भडकली. ‘माला म्हणालीस, इथं आण. आणली. आता जा म्हणतंस? मग खोली कशाला मांडलीस?’

डॉक्टरांना कळवलं, ॲम्ब्युलन्स बोलावली, हात धरून दोघींना बसवलं. तानीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोरी खोलीतच विसरून गेली.

रडले. लिहायला कसली लाज.

९ जानेवारी

मुलगा. ऑपरेशन करावं लागलं. दोघं सुखरूप. तिथले डॉक्टर म्हणाले, दोन तास उशीर झाला असता तर कठीण होतं.

दुपारी डॉ. चैतन्य खोलीत आले. पहिल्यांदाच आत! छताच्या कडीकडे बघत राहिले. म्हटलं, आता गेली कडी.

‘सकाळी मी नॉर्मल लिहिलं होतं.’

‘सकाळी होतंच नॉर्मल, सर.’

‘आढाव्यासाठी तुम्हाला बायका हव्या होत्या. तरी नाही म्हणालात.’

मी म्हटलं, ट्रेनिंगचं अर्धं वर्ष नाही म्हणायलाच शिकवतात. जरा हसले. हा माणूस हसतो! कडीबद्दल अवाक्षर नाही.

१३ जानेवारी

सरूच्या बाळाची आज पाचवी. पाचवीला सुईणीचा मान असतो. तानीबाय दवाखान्यातून जीपनं थेट माझ्याकडे आली, पदरातून अर्धं खोबरं काढून माझ्या हातावर ठेवलं.

‘हा तुझा वाटा.’

‘अगं पण मी कुठं काढलं बाळ?’

‘हातानं नाय काढलंस. पण पोर तूच काढलंस.’

खोबरं खाल्लं नाही अजून. प्रसादला हात लावू देत नाहीये.

२२ जानेवारी

डॉक्टरांची स्वरा आली होती! शाळेत शिकवते, तिथूनच परस्पर. ‘सहज आले’ म्हणाली. आठवा संपत आलेला, सहज कसली येते! चहा घेतला. तानीची विसरलेली दोरी कडीला होती, ती धरून हळूच उकिडवी बसली. ‘अय्या, कंबर सुटल्यासारखी वाटते!’

मग एकदम विचारलं, ‘नाशिकला जाताना घाटात कळा सुरू झाल्या तर?’

येसूची गोष्ट घरी पोचलेली दिसते. तिला तपासलं. सगळं छान.

‘यांना सांगू नका हं.’

४ फेब्रुवारी

स्वरा चौथ्यांदा ‘सहज’ आली. हरिभाऊ म्हणतात, मला काही दिसलंच नाही.

१८ फेब्रुवारी

सकाळी साडेआठला दारात डॉ. चैतन्य. एका हातानं स्वराला धरलेलं, दुसऱ्या हातात क्वार्टरच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी. दोन चिमटे तसेच अडकलेले! मी तपासलं. सगळं सरळ. केसपेपर पुढे केला. त्यांनी खिशातून पेन काढलं, सवयीनं उजवीकडे नेलं, थांबले — आणि डावीकडे, नातेवाईकाच्या जागी सही केली. कागद माझ्याकडे सरकवला. पॅडमध्ये शाई ओली होती, हरिभाऊंचं काम. उजवीकडे माझा शिक्का जरा तिरका आला.