बाबागाडीतला बुरेक

शेफिका, मी रमझान चुकवायला परदेशी पळाले असं तू बेकरीच्या रांगेत सांगितलंस, हे मला शेजारच्या झुम्राने फोनवर कळवलं. मोठ्या बहिणीबद्दल असं बोलता येतं म्हणजे तुझी तब्येत ठणठणीत असणार, म्हणून मी ती विचारत नाही. सलाम घे. भावोजींच्या गुडघ्याची मात्र विचारपूस करते. तुमच्या घरात ते एकटेच उलट बोलत नाहीत.

इकडे लुब्लियानात सगळे मजेत. नात मेलिहा पुन्हा इस्पितळात कामावर जाऊ लागली आणि उरलेली बाळंतपणाची रजा नवऱ्याने घेतली (इथे पुरुषांनाही मिळते, आपल्या त्राव्निकात मिळाली असती तर माझ्या म्हाताऱ्याने दर वर्षी घेतली असती). नातजावई बाळाला कलिंगडासारखं धरतो, ठोकून बघायचं तेवढं बाकी. म्हणून दुपारी बाळाला आईकडे पाजायला नेणं माझ्याकडे. आता अंगावर पाजणारीला रोज्यांची सूट आहे, राहिलेले मागाहून धरायचे, हे मेलिहालाही ठाऊक. पण पहिल्याच दिवशी ती वॉर्डात सहज बोलून गेली, की आजपासून आमचा रमझान. मोठ्या सिस्टर मार्येताबाईंनी (चर्चला जाणाऱ्या, खांदे दाराएवढे) लगेच हुकूम सोडला, की डॉक्टरीणबाईंसमोर कुणी घास गिळायचा नाही. कॉफीचं यंत्र चादरींच्या खोलीत गेलं. एका वॉर्डबॉयने तिला बघून केळं खुर्चीवर लपवलं आणि घाईत त्यावरच बसला. ती कॅन्टीनकडे वळली तर कुणीतरी धीर देत हात धरून परत आणी.

"आजी, भुकेने जीव चाललाय," ती माझ्या कानात म्हणाली. "दूधही कमी झालंय."

"मग सांग की त्यांना."

"कसं सांगू? मार्येताबाईंनी माझ्यासाठी दिवसाचं जेवण सोडलंय, कॉफीसुद्धा. इतकं माझ्या सासूनेही केलं नाही."

लोकांची पोटं फाडते, पण स्वतःच्या पोटाचं सांगायला घाबरते (तिच्या आईचं वळण). आणि बाळ रिकामंच ओढून ओढून लालबुंद.

दुसऱ्या दिवशी मी पातळ पारीत खिमा-कांदा गुंडाळून बुरेक भाजला, फडक्यात बांधून बाबागाडीच्या तळाशी घातला, वर जाड गोधडी, गोधडीवर पणतू. बुडाला ऊब लागली तसा तो एखाद्या तुर्की पाशासारखा घोरू लागला. वॉर्डाच्या दारातच मार्येताबाई त्याला बघायला वाकल्या.

"बाळाला कांद्याचा वास येतोय."

"बोस्नियातलं बाळ आहे," मी म्हटलं, "असाच येतो."

उपाशी बाईच्या नाकाला कोण फसवणार? मार्येताबाईंनी बाळासकट गोधडी उचलली. सगळा वॉर्ड गोळा झाला. मी म्हटलं, "हिला देवाने सूट दिलीय. तुम्ही देत नाही." मग मार्येताबाई मेलिहाकडे वळल्या. "मग मी उपाशी राहिले ते कशाला?" मेलिहाने उत्तरासाठी तोंड उघडलं, तर मी त्यात बुरेकच कोंबला. कॉफीचं यंत्र वाजतगाजत बाहेर आलं. एक पेशंट सलाईनची दांडी ढकलत आला आणि कडेचा खरपूस तुकडा घेऊन गेला. दोन दिवसांत बाळ पोटभर प्यायलं आणि बापाच्या एकुलत्या इस्त्रीच्या शर्टावर ओकलं. इतका आनंद या घरात लग्नातही झाला नव्हता.

मार्येताबाई मात्र ऐकेनात. सुरू केलेत तर शेवटपर्यंत धरणार म्हणतात. रोज सूर्य मावळला की आमच्याकडे येतात, खजूर खातात आणि माझ्या सुपातल्या मिठाला नावं ठेवतात. नातजावईही रोजे धरतो, पण दुपारभर झोपून, म्हणून त्याला मी धरत नाही.

तुझी मोठी बहीण
हाशीमा

ता. क. धरणाऱ्यांत मीही नाही. आल्याआल्या मेलिहाने बोट टोचलं, साखर सापडली आणि माझे रोजे बंद झाले. त्या बुरेकाचा पहिला तुकडा मी वाटेतच खाल्ला. तेव्हा बेकरीतलं तुझं बोलणं अगदीच खोटं नाही, पण ते तिथेच मागे घे.

आणखी एक. माझ्या रोज्यांच्या बदल्यात गरजू माणसाला जेवू घालायला हवं. माझ्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे. माझ्या कोठीतलं पीठ, तूप, वाळवलेलं मांस काढ आणि झुम्राला रोज संध्याकाळी ताट दे. आमच्याकडे उरलं होतं म्हण. तुझ्याकडे कधी काही उरत नाही हे तिला ठाऊक आहे, तरी म्हण. फोन करू नकोस, तुझी सून कान लावते. उत्तर तूच लिहायचं, तुझ्याच हाताने.